अन्न बाधते म्हणजे काय?

मराठी घरांत आजाराचे पहिले निदान बहुधा स्वयंपाकघरातच होते. कोणाच्या पोटात मुरडा आला, कोणाच्या अंगावर गांधी उठल्या, कोणा मुलाचे अंग भरत नाहीसे झाले, की घरातील वडीलधारे माणूस क्षणभर विचार करते आणि म्हणते, "काहीतरी बाधले असावे." हा शब्द मोठा सोयीचा आहे. परंतु त्याची सोय हाच त्याचा दोष होय. चार अगदी निरनिराळ्या गोष्टींना तो एकच नाव देतो. आणि नाव एक झाले म्हणजे उपायही एकच करण्याकडे मनाची धाव जाते. त्या चार गोष्टी वेगळ्या ओळखता येणे हे प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाला शक्य आहे, आणि प्रसंगी त्यावर एखाद्याचे प्राण अवलंबून असतात.

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर परभणीनंतर पिंगळी नावाचे स्टेशन लागते. या पिंगळी गावातील एखाद्या सुखवस्तु शेतकरी घराची कल्पना करावी. घरात सात माणसे. एका वर्षात या घरी चार प्रसंग आले असे समजू. एकादशीला भगर खाल्लेल्या पाच जणांना दुपारी मळमळ, उलट्या आणि चक्कर सुरू झाली. ज्या दोघांनी केवळ साबुदाणा आणि केळी घेतली होती, ती दोघे ठणठणीत राहिली. काही महिन्यांनी आजोबांनी मुलाच्या आग्रहावरून रात्री पेलाभर दूध घेण्यास आरंभ केला. तेव्हापासून त्यांच्या पोटात गुडगुड आणि सकाळी पातळ शौच. दिवाळीत पुण्याहून भाची आली; तिच्या ताटात शेंगदाण्याची चटणी पडली, आणि दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी आल्या, आवाज घोगरा झाला. आणि चौथा प्रसंग दिसण्यासारखा नव्हताच: आठ वर्षांचा नातू दोन वर्षे हळूहळू वाळत होता, पोट तेवढे पुढे आलेले, चेहरा फिकट. चारही वेळा घरात एकच वाक्य उच्चारले गेले: "बाधले."

आता एकेक प्रसंग पाहू.

पहिल्या प्रसंगात दोष अन्नाचा आहे, खाणाऱ्याचा नाही. खाणारे पाच आणि आजारीही पाच, हीच त्याची खूण. एका भांड्यातले अन्न खाऊन अनेक माणसे एकाच वेळी आजारी पडली, तर ते अन्न दूषित होते असे समजावे. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे एकादशीच्या दिवशी सप्ताहाचा भगर-आमटीचा प्रसाद घेतल्यानंतर दोनशेहून अधिक लोकांना बाधा झाली. रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा झाडांना दोऱ्या बांधून, त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगून, उघड्यावरच उपचार करावे लागले. उपासाच्या दिवसांत अशा वार्ता महाराष्ट्रात वारंवार येतात, म्हणून राज्याचे अन्न व औषध प्रशासन महाशिवरात्र, नवरात्र अशा सणांपूर्वी भगरीविषयी लोकांस सूचना देत असते. भगर, म्हणजेच वरई, ओलसर जागी राहिली की तिजवर अस्परजिलस जातीची बुरशी वाढते, आणि त्या बुरशीपासून विषारी द्रव्ये उत्पन्न होतात. दाण्याचे पीठ केले म्हणजे ते हवेतील ओल अधिक शोषते व बुरशीचे फावते. म्हणून भगर सुटी न घेता बंद पुड्यातील व मुदतीच्या आतील घ्यावी. ती निवडून, स्वच्छ करून कोरड्या, झाकणबंद डब्यात ठेवावी. पीठ लागेल तेवढेच, लागेल तेव्हाच दळावे. गेल्या एकादशीचे उरलेले पीठ या एकादशीला काढणे म्हणजे उपासाच्या पुण्यावर आजाराचे पाणी सोडणे होय.

अशा वेळी उलटी-जुलाबाने अंगातील पाणी व क्षार जातात. ते भरून काढण्यासाठी जलसंजीवनी घोटघोट पाजावी, आणि मुले, वृद्ध व गर्भवती यांना विलंब न लावता दवाखान्यात न्यावे. परंतु ही बाधा उतरल्यावर "आमच्या घरी भगर सोसत नाही" असा कायमचा निर्णय करण्याचे कारण नाही. भगर निर्दोष आहे. तो डबा दोषी होता.

याच जातीची एक फसवी बाधा शहरातील मत्स्याहारी कुटुंबांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बांगडा किंवा कुपा बर्फावाचून राहिला तर जंतूंच्या क्रियेने त्याच्या मांसात हिस्टामीन नावाचे द्रव्य साचते. मासा शिजविल्याने ते नाहीसे होत नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, अंग खाजते, डोके ठणकते. अगदी वावडे असल्यासारखी लक्षणे. पण ताटावर बसलेल्या अनेकांना ती एकदम होतात, आणि पुढच्या वेळी ताजा बांगडा खाल्ला तर काहीच होत नाही. येथेही प्रश्न तोच: एकालाच झाले, की अनेकांना?

दुसरा प्रसंग आजोबांच्या दुधाचा. दूध नासके नव्हते. तेच दूध घरातील इतरांनी घेतले. येथे कारण आजोबांच्या आतड्यात आहे. दुधात एक साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. ती पचविण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचा पाचकरस असतो. तान्हेपणी तो सर्वांस भरपूर असतो, कारण निसर्गाने दूध हे तान्ह्याचेच अन्न म्हणून योजले आहे. पुढे पुष्कळ माणसांत तो कमी होत जातो. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तेथील जंतू तिला आंबवितात, वायु होतो, पोट फुगते. हा रोग म्हणण्यापेक्षा मानवजातीच्या मोठ्या भागाचा स्वभावच म्हणावा. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिल्लीकडील शंभरांपैकी सुमारे २७, तर त्रिवेंद्रम व पाँडिचेरीकडील शंभरांपैकी सुमारे ६६ माणसांत ही अवस्था आढळली. पशुपालनाची व दूध पिण्याची परंपरा जेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तेथील लोकांत हा रस प्रौढपणीही टिकून राहतो, असे शास्त्रज्ञ मानतात.

या बाधेत दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, ती प्रमाणावर अवलंबून असते. चहातील दोन चमचे दूध सोसते, पेलाभर सोसत नाही. दुसरी, तिच्यामुळे त्रास होतो, पण जीव जात नाही. म्हणून आजोबांचे दूध कमी करावे, पण दही-ताक तोडू नये. विरजणातील जंतूंनी साखरेचा काही भाग आधीच फोडलेला असतो, त्यामुळे ते पुष्कळांना सोसते. जेवणानंतरच्या ताकाची आपली जुनी चाल या दृष्टीने शहाणपणाची आहे. आयुर्वेदाने जे अन्न ज्याच्या प्रकृतीला मानवते त्यास 'सात्म्य' असे नाव दिले. तो विचार येथे अगदी नेमका लागू पडतो.

तिसरा प्रसंग भाचीचा, आणि तोच सर्वांत गंभीर. चटणी ताजी होती, सर्वांनी खाल्ली, बाधली एकटीला; आणि तीही बोटभर चटणीने, दहा मिनिटांत. यालाच मराठीत वावडे हा सुंदर शब्द आहे, आणि वैद्यकात ॲलर्जी. हा दुसरा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली योजला. त्यापूर्वी, १९०२ साली, फ्रान्समधील शार्ल रिशे व पोल पोर्तिए यांना असे दिसून आले होते की, एका विषाची अल्प मात्रा एकदा टोचलेला कुत्रा काही आठवड्यांनी त्याच विषाच्या आणखी अल्प मात्रेने काही मिनिटांत मरू शकतो. पहिल्या खेपेने शरीर कणखर व्हावयाचे, ते उलट हळवे झाले. रिशे यांस याच संशोधनाबद्दल १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा हळवेपणा शरीरात राहतो तरी कोठे? याचे उत्तर १९२१ साली दोघा जर्मन डॉक्टरांनी स्वतःच्याच देहावर शोधले. हाइन्त्स क्यूस्टनर यांस शिजविलेल्या माशाचे वावडे होते. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्स यांस ते नव्हते. प्राउस्निट्स यांनी क्यूस्टनर यांच्या रक्तातील पातळ द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेवढ्याच जागी गांध उठली. म्हणजे वावडे मनात नव्हते, कल्पनेत नव्हते, ते रक्तात होते, आणि एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या कातडीत जाऊ शकत होते. रक्तातील ते द्रव्य पुढे १९६६ च्या सुमारास इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत शोधून काढले. त्यास आय-जी-ई असे म्हणतात. स्वीडनमधील संशोधकही त्याच काळात स्वतंत्रपणे त्याच शोधापर्यंत पोहोचले होते.

घडते ते असे. शरीराची संरक्षक सेना शेंगदाण्याच्या, अंड्याच्या वा कोळंबीच्या प्रथिनाला चुकीने शत्रू समजते आणि त्याच्या विरुद्ध आय-जी-ई तयार करून ठेवते. कातडी, श्वासनलिका, आतडी यांतील विशिष्ट पेशींवर ते पहारेकऱ्यासारखे बसते. पुढच्या वेळी त्या प्रथिनाचा कण आला की त्या पेशी फुटतात आणि हिस्टामीन आदि द्रव्ये एकदम बाहेर पडतात. कातडीत ती सुटली तर गांधी, घशात सुटली तर सूज, श्वासनलिकेत सुटली तर धाप. आणि सर्वांगात सुटली तर रक्तदाब कोसळतो. पहारेकऱ्याला शत्रूची केवळ चाहूल पुरते. म्हणूनच येथे प्रमाणाला फारसा अर्थ नाही. "थोडेसे खाल्ल्याने काय होते?" हा प्रश्न आजोबांच्या दुधाविषयी योग्य, भाचीच्या शेंगदाण्याविषयी घातक.

आपल्याकडे अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावण्याची चाल आहे. केवळ कातडीवर गांधी असतील, माणूस मजेत बोलत असेल, तर त्या पाण्याने गारवा वाटतो, अपाय काही नाही. परंतु आवाज बदलला, गिळता येईना, छातीत घरघर वा खोकल्याची उबळ आली, चक्कर येऊन माणूस गळाठला, अथवा गांधींबरोबर वारंवार उलट्या होऊ लागल्या, तर आमसूल, पित्ताची गोळी, लिंबू-सरबत यांत एक क्षणही दवडू नये. या अवस्थेवरचे पहिले औषध ॲड्रेनॅलिन; ते मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत टोचतात. ते जुने आहे, स्वस्त आहे, आणि आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. पित्ताच्या गोळीने खाज शमते, घशाची सूज व कोसळता रक्तदाब तिच्याने आवरत नाही. दवाखान्यात नेईपर्यंत रोग्याला आडवे निजवून पाय उंच करावेत; श्वास लागत असेल तर टेकून बसवावे; उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे; पण उभे करू नये, चालवू नये. बरे वाटू लागले तरी काही तास दवाखान्यातच देखरेखीखाली ठेवावे, कारण उतरलेला झटका पुन्हा येऊ शकतो.

चौथा प्रसंग नातवाचा. येथे झटका नाही, गडबड नाही, म्हणूनच तो सर्वांत उशिरा ओळखला जातो. कोणी नजर म्हणते, कोणी जंत म्हणते, कोणी "अंगीच लागत नाही" म्हणून सोडून देते. अशा मुलांपैकी काहींना सिलिअॅक नावाचा विकार असतो. गव्हात ग्लूटेन म्हणून एक चिवट प्रथिन आहे. कणकेला जो ताण येतो तो त्याचाच. या विकारात ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर चालून जाते, अन्नरस शोषणारी मऊ लव झिजते, आणि पोटभर खाऊनही मूल उपाशीच राहते. गव्हाचा हा संबंध सिद्ध करण्याचे श्रेय विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाकडे जाते. त्यांना संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या युद्धकालीन हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, सर्वत्र उपासमार माजली, आणि तरीही हे रोगी बालक सुधारू लागले. पाव परत आला, तसा रोगही परतला.

उत्तर भारतात शंभरांत सुमारे एकास हा विकार असावा, दक्षिणेत त्याहून पुष्कळ कमी. मराठवाडा हा मूळचा ज्वारीचा मुलूख. परभणीच्या कृषि विद्यापीठाने रब्बी ज्वारीच्या एका वाणाला 'परभणी मोती' हे नाव दिले, ते उगाच नव्हे. परंतु आता तेथील घरांतही भाकरीच्या जोडीस पोळी, पाव आणि बिस्किटे आली आहेत. ज्या विकारावर इतर देशांत महागडी पिठे विकत आणावी लागतात, त्यावर पिंगळीच्या घरात आजीच्या हातची भाकरी हेच पथ्य आहे. कारण ज्वारी, बाजरी, नाचणी, मका आणि तांदूळ यांत हे ग्लूटेन नाही. गहू, जव व त्यांचे पदार्थ मात्र जन्मभर वर्ज्य. त्यातही दोन सूक्ष्म गोष्टी आहेत. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर पिठात गहू उतरतो. तेव्हा अशा घराने आपले दळण ज्वारीवरच दळून घ्यावे, अथवा घरच्या जात्यावर. आणि बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. पण सर्वांत महत्त्वाचे हे की, तपासणीपूर्वी मुलाचा गहू तोडू नये. या विकाराची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच खरी ठरते. आधीच पथ्य केले तर रोग लपतो आणि निदान चुकते.

तपासण्यांचा विषय निघाला म्हणून एक इशारा. कर्नाटकातील प्रौढांच्या एका पाहणीत, जिचा वृत्तांत २०१६ साली प्रसिद्ध झाला, शंभरांपैकी सुमारे २६ जणांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धचे आय-जी-ई सापडले. परंतु ज्यांना खरोखर अन्नाचे वावडे असण्याचा संभव होता असे शंभरांत सुमारे एकच. म्हणजे कागदावर होकार आला म्हणून ताटातून पदार्थ काढणे शहाणपणाचे नाही. खाल्ल्यावर काय झाले याची हकीकत मुख्य. तपासणी तिची साक्षीदार. आजकाल काही प्रयोगशाळा एका वेगळ्याच प्रतिद्रव्याची, आय-जी-जीची, मोजणी करून पन्नास-शंभर पदार्थांची लांबलचक यादी हाती देतात. ते प्रतिद्रव्य तो पदार्थ खाल्ल्याची केवळ खूण असते. त्या यादीवरून वाढत्या मुलाची डाळ, दूध, अंडी बंद करणे म्हणजे नसलेल्या रोगासाठी खरे कुपोषण पत्करणे होय.

तान्ह्या मुलांना शेंगदाणे, अंडी उशिरा देण्याचा उपदेशही आता मागे पडला आहे. २०१५ साली लंडनमध्ये ६४० बालकांवर केलेल्या प्रयोगाचे फळ प्रसिद्ध झाले. ही बालके तीव्र इसब वा अंड्याचे वावडे असलेली, म्हणजे अधिक धोक्याची होती. ज्यांना शेंगदाणा वर्ज्य केला, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयास शंभरांपैकी सुमारे १७ जणांस त्याचे वावडे जडले. ज्यांना पहिल्याच वर्षापासून तो नियमित दिला, त्यांच्यात सुमारे ३ जणांसच. अर्थात अखंड दाणा तान्ह्याच्या घशात अडकतो, तेव्हा बारीक कूट मऊ अन्नात कालवूनच द्यावे. आणि मुलास तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मग गृहस्थाने करावे काय? बाधा झाली की चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत टिपावीत. किती जणांना झाले? खाल्ल्यापासून किती वेळाने? किती खाल्ल्याने? दर खेपेस होते का? अनेकांना एकदम झाले तर अन्न तपासावे. एकालाच, जास्त खाल्ल्यावर, पोटापुरते झाले तर प्रमाण कमी करावे. एकालाच, अल्पशा अन्नाने, काही मिनिटांपासून दोनेक तासांच्या आत, दर खेपेस झाले तर ते वावडे समजून तज्ज्ञाकडे जावे. आणि वेळेचा मेळच लागत नाही, पण मूल वाळत चालले आहे, तर नजर उतरवीत न बसता रक्त तपासावे. २०२० च्या नियमांनुसार बंद पुड्यांवर ग्लूटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, शेंगदाणे, काजू-बदामांसारखी कवचाची फळे आणि सोयाबीन यांचा उल्लेख बंधनकारक आहे; तो वाचावा. सुट्या मिठाईवर असा कागद नसतो, तेथे विचारावे.

आणि पंगतीत? आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचे लक्षण मानतात. दाण्याचे कूट भाजीत, कोशिंबिरीत, उपासाच्या खिचडीत सर्वत्र असते. ते डोळ्यांस दिसत नाही. ज्या सुनेला ते चालत नाही, तिचे "नको" पुष्कळदा नखऱ्यात जमा होते, आणि कोणी प्रेमळ सासू किंवा मावशी तिला कळू न देता चमचाभर कूट भाजीत घालून "पाहा, काही झाले का?" असे सिद्ध करू पाहते. हा प्रयोग जीवघेणा आहे.

पिंगळीच्या त्या कल्पित घरात चारही माणसे आता एकाच पंगतीस बसली आहेत असे समजू. आजोबांच्या वाटीत ताक आहे, नातवाच्या ताटात ज्वारीवर दळलेल्या ज्वारीची भाकरी आहे, भगरीचा नवा पुडा कोरड्या डब्यात आहे. आणि वाढणारी आजी भाचीजवळ येऊन चटणीचे भांडे मागे घेते व आधी विचारते, "बाई, तुला यातले काय चालते?" अन्नदात्याने विचारलेल्या या प्रश्नाइतका मोठा आग्रह दुसरा नाही.